पोस्टवाली नसलेली नायिका

३ मार्च
आजपासून नवा गेम बनवायला घेतला. नायिका शंभर टक्के ओरिजिनल! साहेबांना माझ्या जुन्या गेममधल्या पोस्टवालीचाच तिसरा भाग हवाय. म्हणाले, लोकांना ओळखीचं माणूस लागतं. मी स्पष्ट नकार दिला. म्हणजे, बघतो म्हणालो. तेच तेच उगाळायचा मला कंटाळा आहे. पोस्टवाली मी बायकोवरून काढली होती आणि बायको सोडून गेली त्याला दोन वर्षं झाली, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

७ मार्च
नायिका ठरली. समुद्राच्या तळाशी उतरणारी बाई. जड सूट, चेहरा काचेआड. तिची स्वतःची चालायची ढब तयार होईपर्यंत पोस्टवालीची चाल घातलीय. तात्पुरती. या धंद्यात सगळेच करतात.

१५ मार्च
टेस्टरने दोन मिनिटं खेळून विचारलं, पोस्टवालीला पाण्यात का ढकललंत? म्हणे चार पावलं टाकते नि खांद्यावरचा पट्टा ओढते, म्हणजे तीच. त्याला म्हटलं, तुझी नजर सरावलीय. पट्टा काढून टाकला.

१६ मार्च
पट्टा नाही, तरी चार पावलांनंतर हात खांद्याकडे जातोच. बघवेना. जिन्यात जाऊन उभा राहिलो. डोळ्यांना स्क्रीनचा त्रास होतोय.

२२ मार्च, दुपार
नायिकेचा रोबो केला. आता बोला! कोडिंगवाली म्हणाली, सर, हा रोबो रुसल्यावर नाक वर करतो. नाक ठेवलेलंच नाही, तरी कळतं म्हणे.
ताईने फोनवर झापलं. अरे, तिला जाऊन भेट, नाहीतर विसर. यंत्रांना कशाला तिच्यासारखं चालायला लावतोस? ताईला गेममधलं ओ की ठो कळत नाही.

२९ मार्च
उद्या साहेबांना डेमो. त्याआधी एखादं त्रयस्थ मत हवं. पुष्कळ विचार केला, एकच त्रयस्थ व्यक्ती सुचली. तिला लिंक पाठवली, खाली 'मत कळव' एवढंच. हे दोन शब्द लिहायला सकाळ गेली.
पोस्टवाली कुणावरून काढली ते तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, कळतंच की. आता ओळखेल, फोन करेल. मी म्हणेन, छे, योगायोग! मग म्हणेन, ये घरी.
इस्त्रीचा शर्ट घातलाय. सहज.

३० मार्च
फोन नाही, मेसेज आला. तुझा एकही गेम कधी खेळले नव्हते, हा पूर्ण खेळले, म्हणते. रोबो फार गोड आहे. अगदी नवा, कुणासारखाच नाही. त्या पोस्टवालीतून सुटलास, बरं झालं. तिच्यापायी तू चार चार दिवस घरी यायचा नाहीस. ती होती तरी कोण, तेही कधी सांगितलं नाहीस.
उत्तर लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं.
डेमो सुरू असताना साहेबांसमोरच रडू फुटलं. ते गडबडले. म्हणाले, अहो, एवढा काही वाईट नाही झालेला.