मीठ माझं, सलगम माझे

६ एप्रिल
यंदा मेयर पडणार म्हणजे पडणार. मेयर म्हणजे आमच्या रानातला मोठ्या शिंगांचा नर. नाव मी ठेवलं, म्हणजे हरीण माझं. पण वेंडेल गावभर सांगत सुटलाय की तो त्याच्या सफरचंदाच्या झाडाखाली येतो. वेंडेल, माझ्या बायकोचा, डोरीनचा भाऊ. मेहुणाही तोच, शेजारीही तोच. माझे भोग.

ओढ्याकाठी खनिज मिठाचा ठोकळा ठेवला. चाटला की शिंगं वाढतात, असं खोक्यावर छापलंय.

१९ एप्रिल
ठोकळ्यासमोर झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातले फोटो: रॅकून. रॅकून. डोरीन. ठोकळ्यापाशी उभी राहून हात हलवतेय! माणसाचा वास लागला की हरीण फिरकत नाही, हे बाईला तीस वर्षांच्या संसारात कळू नये? म्हणते, हाका मारून घसा सुकला, सूप गार झालं.

दोन दिवस अबोला धरणार.

२० एप्रिल
अबोला मोडला. जेवायला गरमागरम ॲपल पाय होता.

११ जून
मेयर आला! चाटला! मी म्हटलंच होतं. वेंडेलला फोटो दाखवला. म्हणाला, भाऊजी, हा तर माझ्याकडून घरी जाताना वाटेत थांबलाय.
जळतो मेला.

३ ऑगस्ट
मागच्या जमिनीच्या तुकड्यात मेयरसाठी सलगम आणि क्लोव्हरचं गवत पेरलं. डोरीनला तिथे टोमॅटो हवे होते. टोमॅटोला शिंगं येतात का, विचारलं. भांडी आपटण्याचा आवाज अजून येतोय.

१४ सप्टेंबर
ठोकळा उचलला. शिकारीच्या मोसमाआधी उचलायचा, नियम आहे. नियम पाळणारा या खोऱ्यात मी एकटाच. डोरीनने नियमाचं पत्रक मोठ्याने वाचलं: खालची खारट मातीसुद्धा खणून न्यायची म्हणे. माती! देवाने केलेली माती बेकायदा? हात लावणार नाही.

९ ऑक्टोबर
हरणं माती चाटतायत. एवढा खड्डा पडलाय की डोरीनची वॉशिंग मशीन मावेल. पाहिलंस, म्हटलं, माझं डोकं! ती म्हणाली, पाहतेय, खड्डाच पाहतेय.

२६ ऑक्टोबर
चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर, वेंडेल म्हणाला, भाऊजी, तुमचं खारट खाऊन तोंड बेचव झालं की मेयर माझ्याकडे गोड खायला येतो. पाद्रीसुद्धा हसले. रक्त उसळलं. मी राबायचं आणि हा आयत्या बिळावर नागोबा!

एका झाडाखाली इतकी सफरचंदं आपोआप पडतात? टोपल्या ओतत असणार, म्हणजे बेकायदा आमिषच. शिकार खात्याला फोन केला. नाव सांगितलं नाही. आमच्या मचाणावरून सगळं दिसतं, एवढंच म्हटलं.

१२ नोव्हेंबर
शिकार खात्याच्या वॉर्डनबाई आल्या. वेंडेलच्या झाडाखाली बराच वेळ वाकल्या. मी पडद्याआडून पाहत होतो. कुठेही ओतलेलं नाही, झाडाचीच फळं, चालतात म्हणाल्या. मग हरणांची पायवाट धरून चालू लागल्या. कुंपण ओलांडलं. ओढ्याकडे वळल्या.
माझ्या खड्ड्यापाशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, माती. त्यांनी बोट बुडवून चाटलं.

खारट माती म्हणजे आमिषच, म्हणाल्या. माझं मचाण बंद. सलगमाचा तुकडासुद्धा. यंदाच्या मोसमापुरती पिवळी पट्टी बांधून गेल्या. बांधायला दोरी कमी पडली, ती डोरीनने दिली!

२९ नोव्हेंबर
मोसमाचा पहिला दिवस. मी स्वयंपाकघरात. सकाळी एकच गोळी वाजली. कॉफी सांडली.

मग वेंडेल दारात. मेयर पडलाय, सफरचंदाखाली. पण इतका जाड झालाय की एकट्याला ओढवत नाही. भाऊजी, तुमचा ट्रॅक्टर आणता का?
जाणार नव्हतो. डोरीनने किल्ली हातात ठेवली.

शिंगं खरंच वाढली होती. खोक्यावरचं खरं निघालं. फोटोत वेंडेल आणि मेयर. मागे मी, नुसती अर्धी टोपी दिसतेय. साफ करताना जठर फुटलं. सफरचंदाची एक फोड नाही, सगळे सलगम. वेंडेलने ते बादलीत भरले. मग म्हणाला, भाऊजी, एवढं तरी परत न्या.

६ डिसेंबर
वेंडेलने मेयरचं सॉसेज पाठवलं. खाणार नव्हतो. खाल्लं.
मीठ कमी आहे का हो, असं डोरीनने मुद्दाम मलाच विचारलं.
कमी होतं.