करपलेलं आधण

आप्पा, रविवारी मला बघायला गारगोटीकडचे पावणे आले होते आणि मी त्यांच्यासमोर खरं बोलले. आईनं सकाळपासून पढवलं होतं, "कंप्युटरवर काम करत्या म्हणून सांगू या. खोटं न्हाय की ते." मुलाच्या आत्यानं पोह्यांची बशी हातात घेतली आणि आईलाच विचारलं, "पोरगी काय करत्या?" आईनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मी ऑनलाइन पोकर खेळते. तीन वर्षं घर त्यावरच चाललंय." आत्या म्हणाल्या, "म्हंजे पत्तं?" मी म्हणाले, हो, पत्तेच. मुलाचे चुलते मोठ्यानं हसले. "मग जुगार म्हणा की सरळ! पोकर-बिकर कशाला?" मी सांगितलं की किती हरायचं ते बसण्याआधी ठरवते आणि तिथं आले की उठते. "उठता येतंय व्हय?" ते म्हणाले. "आमच्या गावात अजून कोण उठलेलं बघितलं न्हाय." त्यावर सगळेच हसले, मुलगासुद्धा. मला त्याचं हसू आवडलं होतं, म्हणून जास्त लागलं. बशीतले पोहे तसेच ठेवून ते गेले.

तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. तुम्हाला पोकर म्हणजे काय ते माहीत नाही, पण हा खेळ मी तुमच्याकडूनच शिकले, हे ऐकून राग आला तरी ऐका. बिद्रीच्या वाटेवरच्या त्या गुऱ्हाळात तुम्ही गुळव्या होता. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे तुमच्या शब्दावर ठरायचं. सुट्टीत मी तुमच्या मागं मागं असायचे. तुम्ही पितळेच्या वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब सोडता, बोटांनी त्याची गोळी वळता, ती वाटीच्या काठावर आपटून आवाज ऐकता, आणि मग हात वर करता. एकदा मी नुसतंच "आता उतरवा" म्हणून ओरडले आणि ते बरोबर निघालं. गडी शाबासकी द्यायला लागले, तर तुम्ही मला दरडावलंत, "कशावरनं म्हणालीस? बरोबर आलं म्हणून शहाणी झालीस व्हय?" आणि संध्याकाळी घरी चालत येताना सांगितलंत, "ऊस वाईट निघाला तर गूळ बिघडतोय, त्यात आपला दोष न्हाय. हात चुकला तर दोष आपला. ह्या दोन गोष्टी कधी एकात मिसळू नगंस."

आप्पा, माझा सगळा खेळ त्या एका वाक्यावर उभा आहे. मी रोज सकाळी आदल्या दिवशीचे डाव पुन्हा उघडते. कोण जिंकलं ते झाकून ठेवते आणि वहीत लिहिते: इथं पैसे का लावले, इथं पत्ते का टाकून दिले. बहुतेक डाव मी टाकूनच देते. पत्ते वाईट आले तर तो ऊस. रागानं, भीतीनं किंवा कंटाळून खेळले तर तो माझा हात. गेल्या पावसाळ्यात सलग दोन महिने हरत होते; वही तपासली तर हात बरोबर होता, म्हणून टिकले. आणि एकदा चिडून, काही हातात नसताना सगळं लावलं आणि जिंकले, तर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी अशी आहे, गॅस बंद केलाय का ते तीनदा बघणारी. अशा मुलीला जुगारी म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या वह्या वाचाव्यात. मामा म्हणतो, सरकार उद्या हे बंद करणार. करू दे. मग दुसरं काही शिकेन. शिकायचं कसं ते मला येतं.

पण आईपुढं ह्यातलं काही चालत नाही. पावणे गेल्यावर ती स्वयंपाकघरात पोहे परत पातेल्यात ओतत म्हणाली, "तुझ्या आप्पांची काहिल पत्त्यांनी जाळली. आणि तू तेच हातात धरलंस?" तिनं सांगितलंय, आप्पांच्या फोटोपुढं शपथ घे की पुन्हा खेळणार नाही, नाहीतर मी नेसरीला भावाकडं जाते, तुझ्या ह्या पैशाचा घास मला नको. मी शपथ घेतली नाही. घेणार नाही. मोडायची शपथ मी घेत नाही आणि ही माझ्याच्यानं पाळली जाणार नाही. आज ती पिशवी भरते आहे. तिच्या लुगड्यांची घडी घालतानाचा झटकण्याचा आवाज मला इथं ऐकू येतोय.

त्या काहिलीची गोष्ट आपल्या घरात वर्षानुवर्षं सांगितली जाते. काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडं घालणारा गडी पोत्यावर पत्ते खेळत बसला, पाक करपला, काहिलीभर रसाचं सगळं आधण वाया गेलं. तुम्ही पत्ते चुलवणात फेकलेत, "ह्या पत्त्यांनी माझी काहिल खाल्ली" म्हणालात आणि त्याला कामावरून काढलंत. मी तिथंच होते, नऊ वर्षांची. त्याच्या हातात एकही चांगला पत्ता नव्हता आणि तरी त्यानं समोरच्या दोघांना पत्ते टाकून द्यायला लावले होते. ते कसं, हे मी डोळे फाडून बघत होते.

आईला हे आजच सांगायला हवं. ते ऐकून ती थांबेल की आणखी लवकर निघेल, मला माहीत नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहून बघितलं. तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही म्हणून लिहिता आलं. आप्पा, त्या दिवशी ऊसगाडी बघायला जाताना तुम्ही काहिलीवर लक्ष ठेवायला त्या गड्याला सांगितलं नव्हतं. तुम्ही पितळेची वाटी माझ्या हातात दिली होती आणि म्हणाला होतात, "बुडबुडं जड झालं की हाक मार." तुम्ही त्याला काढलंत तेव्हा त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि मी वाटी पाठीमागं लपवली.