उधाणाच्या दगडावर दाजी

१० मे, रविवार

मासा दगडावर आपटला! हातभर तांबोशी, पहिल्यांदाच एवढी मोठी लागली. मरल्यावर बी आपटत राहिलो. रक्त तोंडावर उडालं. हात थांबेचना.

गुरुबसप्पानं मागून मानगूट धरली. हा आमच्या धक्क्याच्या कामावरचा क्रेनवाला, औराद शहाजानीकडचा. दर सुट्टीला समुद्रावर गळ टाकतो, मासा धरतो अन् परत सोडून देतो. निस्ता शौक! रॉड बी त्याचाच.
"खायचाय का तुला?"
न्हाई.
"मग कुणाला मारून राहिलास रे?"

त्याला सांगितलं न्हाई. इथं लिहितो. दयानंदला. माझ्या बहिणीच्या, पुनमच्या नवऱ्याला. भाकर करपली म्हणून त्यानं तिचा हात तापल्या तव्यावर दाबून धरला. मी मुखेडला असतो तर — पण मी इथं कोकणात सिमेंट कालवून राहिलो!

१३ मे

मायचा फोन. "दाजीला इकडं काम न्हाई. तुझ्याकडं कामाला लाव. धोंड्याचा महिना लागायलाय, जावयाला गोडधोड तिथंच घाल."
म्हणलं, माय, तिचा हात बघितलास का?
"बघितला. तिला नांदायचं हाय ना रं तिथंच."
फोन भिंतीवर हाणला. काच फुटली. वाजतो मात्र अजून.

१७ मे, रविवार

गुरुबसप्पानं पकडीनं गळाचा उलटा काटा चेपून दाखवला. चेपला की गळ सरळ निघतो, माशाचं तोंड फाटत न्हाई. हात आधी भिजवायचे, कोरड्या हातानं त्याचं अंग सोलतं. मग दोन्ही हातांवर पाण्यात धरायचा अन् थांबायचं. त्यानं शेपटी हाणली की सोडायचा.

मला कुठला दम! फेकला. उलटा होऊन तरंगला, पांढरं पोट वर.
"सोडणं म्हंजे फेकणं नव्हं, तम्मा." त्यांच्याकडं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात.

२१ मे

दाजी आला. मी पाया पडलो! वाकल्यावर त्याचे घोटे डोळ्यासमोर. वाटलं धरून ओढावं, डोकं पायरीवर फुटू द्यावं. उठलो. पाण्याचा तांब्या दिला. जावयाचा मान!
"काय रामलिंग्या, एवढा समुद्र शेजारी अन् तू काळाच का बे?" अन् आपलाच खो खो हसला.

२४ मे

दयानंद फोनवर पुनमला शिव्या घालून राहिला. "आल्यावर दावतो तुला!" मी कांदा चिरत होतो. बोट कापलं, कळलं बी न्हाई. कांदा लाल झाल्यावर बघितलं.

तो भाईर गेल्यावर मी तिला लावला. बारीक आवाजात बोलली.
"दादा, तिथंच ठेव त्याला. कसं बी कर. इकडं पाठवू नको. आता आला तर दोघांतलं एक जण जातंय बघ."

२६ मे

धोंडे केले. पुरण भरून उकडले, वर तूप.
"पुनमपेक्षा बरं करतोस! तुलाच करून न्यायला पायजे होतं!"
वाढत राहिलो. वाढताना त्याच्या नरड्याकडंच नजर.

२८ मे

डोक्यात एक आलंय. जात न्हाई.

आमच्याकडं पाणी चढतं ते पूर आला की. गढूळ होऊन, बोंबलत येतं. समुद्र तसा न्हाई. रखरखत्या उन्हात गुमान पाठीमागून चढतो. नवा आलो तव्हा लांबच्या दगडावर मीच अडकलो होतो, गुरुबसप्पानं दोर टाकून ओढला. आमच्या मुलखातल्या माणसाला हे ठावंच नसतं.

दयानंदला बी न्हाई. पोहता बी येत न्हाई. रविवारी पुनव, लई मोठं उधाण.

३१ मे, रविवार

नेला.

सकाळी ओहोटी. चपला न भिजवता दगडापर्यंत चालत गेलो. गुरुबसप्पा आज कामावर, त्याचा रॉड अन् दोर मागून आणलेला. रॉड दाजीच्या हातात दिला. "बसा दाजी, चहा घेऊन येतो." काठावर येऊन बसलो. मधली वाट बुडाली. तो पुढंच बघून राहिला. एक मासा लागला तर उड्या मारल्या येड्यानं! मग मागं वळला.

"रामलिंग! ए रामलिंग!"

हललो न्हाई. लाटेनं पाडला, तोंड दगडावर. दात गेले. उठला, परत पाडला. मला लई बरं वाटलं. खरं लिहितो, लई बरं वाटलं.

मग त्याला पाण्यानं ओढून नेलं. उताणा तरंगला. बनियन वर सरकलेलं, पोट पांढरं.

पाण्याकडं पळालोच. गुरुबसप्पाचा दोर कमरेला, टोक खडकाला. दयानंदनं माझा गळा आवळला, मलाच खाली दाबायला लागला. नाकावर बुक्की हाणली, परत हाणली, केस धरून ओढला. काठावर पालथा घातला. पाणी ओकला, रक्त ओकला.

म्हणलं, परत तिला हात लावलास तर इथंच आणीन.

त्यानं माझे पाय धरले. दाजीनं! लहान पोरासारखं रडला.

६ जून

तोंडाची सूज उतरली तसा निघाला. "मायची आण रामलिंग, बदललो मी. तिच्या अंगाला बोट लावणार न्हाई."

पुनमनं पाठवू नको म्हणलं होतं. पण त्याचं रडणं मी बघितलंय. ते खोटं नव्हतं. गाडीत बसवला. लई दिवसांनी छाती हलकी वाटली.

७ जून, रविवार

तांबोशी लागली. हात भिजवले. धरली, थांबलो. शेपटी हाणून गेली!
गुरुबसप्पा म्हणला, "हां! आता आलं तुला."

८ जून

पुनमचा फोन. पोलीस ठाण्यातून. रडत नव्हती.

"उंबऱ्यातच सुरू झाला, दादा. म्हणला, तुझ्या भावानं मला बुडवायला नेलं, त्याचं तुझ्याकडून फेडून घेतो. वरवंटा हाताशी होता."

म्हणलं, जिवंत हाय का?

"पाठवू नको म्हणलं होतं तुला. तू सोडलास. मी न्हाई सोडलं."