हाडाचं मीठ आणि पहिला पाय

ती. तुळशीताईस,

उरणहून धाकट्या काळूरामचा दंडवत (बसल्या जागेवरून, कारण उजवा पाय प्लास्टरात आहे. तो मोकळा झाला की राहिलेला घालीन). तुझे गुडघे कसे आहेत? खोकला गेला का? थळला पापलेट आलं का, की अजून मांदेलीवरच भागवताय? कानातलं यंत्र तू डब्यात घालून ठेवतेस असं कळलं, म्हणून फोन न करता पत्र लिहितोय. वाचून दाखवणार तुझी सून प्राप्ती, तेव्हा तिलाही आशीर्वाद. (प्राप्ती, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. सासूनं विचारलं मध्येच का थांबलीस, तर ठसका लागला म्हण.)

आधीच सांगून टाकतो, काळजी करू नकोस आणि मुळीच येऊ नकोस. लाँच हलते, तुला मळमळतं, आणि आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसाला चहा करून करून तुझी भावजय येसूबाई वैतागली आहे.

पडलो कसा, ते तुला उलटसुलट कळलं असेल. खरं असं आहे. दिपेशचे ट्रेलर बंदरावर चालतात हे तुला ठाऊकच आहे. आता लेकाला आपल्या मिठागरात भराव टाकून तिथं ट्रेलर उभे करायचं वेड लागलंय. त्यासाठी तो टेप घेऊन एक माणूस घेऊन आला. मी बांधावर बसून दोघांना शिव्या घालत होतो. पण तो बाबा आपला आगर कमी मोजायला लागला, आणि ते काही मला बघवेना. आबांनी जन्मभर राखलेला आगर, आणि हा उपरा तो वावभर कमी दाखवतो म्हणजे काय! मी टेपचं टोक त्याच्या हातातून हिसकावलं आणि "अजून मागं हाय, अजून मागं हाय" करत उलटा चालत सुटलो, तो थेट उघाडीत. म्हणजे ज्या दारातून आपण भरतीचं पाणी आगरात घेतो, त्याच खड्ड्यात मी स्वतः गेलो. (माप मात्र बरोबर निघालं.)

आता खरी अडचण ऐक. दिवाळी झाली की वाफे तुडवायचे, हे तुला सांगायला नको. तळ पायांनी चोपून घट्ट केला नाही तर मीठ सगळं चिखलात जातं. येसूबाईच्या बचत गटातल्या बाया तुडवायला तयार आहेत, पण घरातल्या थोरल्या माणसाचा पहिला पाय पडल्याशिवाय वाफ्यात कोणी उतरायचं नाही ही आपली रीत, आणि बाया ती मोडायला तयार नाहीत. दिपेशनं तेवढंच धरलं. म्हणाला, "देवदिवाळीपर्यंत थोरल्या मानसाचा पाय लागला तर यंदा आगर चालवा, मी भरावाचं नाव काढनार न्हाय. न्हाय लागला तर डंपर येनार." पोरगा शब्दाचा पक्का आहे, हेच तर दुखणं. ताई, हा आगर गेला तर सकाळी उठून मी जायचं कुठं? नाक्यावर बसून ट्रेलर मोजायचे का?

म्हणून मला हाड लवकर सांधायचं होतं. घरात प्रणालीसारखी लेक असताना दुसऱ्याला कशाला विचारा? ती मुंबईला हाडांवरच संशोधन करते. (हाडं उंदरांची आहेत. स्थळ बघायला येणाऱ्यांना हे सांगू नये असं येसूबाईचं म्हणणं.) तिनं मला नीट समजावलं, माझी तक्रार नाही. हाड म्हणजे आधी नुसतं दोऱ्यांचं जाळं. त्या जाळ्यावर एक प्रथिन असतं, बोन सायलोप्रोटीन. त्याच्या अंगावर सायलिक आम्ल नावाची साखर लगडलेली असते. हीच साखर आपल्या लाळेतही असते, त्यानंच लाळ बुळबुळीत होते, आणि लाळेवरूनच तिचं नाव पडलं. तर हे प्रथिन रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि हाडातल्या क्षाराचा पहिला कण तिथं बसतो असं म्हणतात. पहिला बसला की त्याच्या आधारानं बाकीचे. इथं मी तिला थांबवलं. म्हटलं, बाई गं, क्षार म्हणजे मीठच की! मीठ कसं बसतं ते काळूरामला शिकवतेस? ती पुढचं सांगत होती, पण मी ऐकायला रिकामा नव्हतो.

मिठाचा वैरी कोण, ताई? गोडं पाणी. अवकाळीची एक सर पडली की पिकलेला वाफा विरघळून जातो. मग हाडात मीठ बसत असताना वरून तांब्यामागून तांबे गोडं पाणी ओतायचं, हा शुद्ध गाढवपणा नाही का? मी पाणी तोडलं. चहा अर्धा कप, आमटी पातळ असेल तर नको. दिवसभर ओट्यावर पाय उन्हात पसरून बसायचो, कारण उन्हाशिवाय मीठ कुठलं? आणि ती लाळेची गोष्ट ऐकून तर मला तूच आठवलीस. लहानपणी माझ्या गळवांना सकाळी चूळ भरायच्या आधी तू तुझी पारोशी थुंकी लावायचीस, आणि शाळेतले मास्तर हसायचे. आता म्हटलं विज्ञान आपल्या बाजूला आलं. रोज उठलो की बोटानं प्लास्टरला लावायचो. एकदा येसूबाईनं पाहिलं. "अवो, पलास्टरवर थुकताव कशाला? डोकं पन आपटलं व्हतं काय तवा?" तिला काय शास्त्र सांगणार!

मग एका दुपारी कमरेतून अशी कळ आली की मोडलेला पाय मी विसरूनच गेलो. रिक्षात घालून नेलं. तपासलं तर मूतखडा. पडून राहणं आणि पाणी न पिणं, दोन्ही मिळून काम झालेलं. मीठ बसलं, ताई. फक्त वाफा चुकला.

प्रणाली धावत आली. आधी चिडली, मग रडली, मग पुन्हा चिडली. म्हणाली, "बाबा, हाड म्हणजे आगर न्हाय. मी पुढचं सांगत होते ते ऐकलं असतं तर!" तर पुढचं असं होतं की लघवीतही त्याच घराण्यातलं एक प्रथिन असतं, तीच साखर अंगावर घेतलेलं. पण तिथं ते उलटं वागतं, बारीक कणांना चिकटून त्यांना वाढू देत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या अंगावरही हीच साखर, तिथं ती त्यांना एकमेकींपासून लांब ठेवते. एकच साखर, हाडात म्हणते बस, लघवीत म्हणते ऊठ, रक्तात म्हणते अंतर ठेवून चाल. (प्राप्ती, हे अजिबात वाचू नकोस. मला तर ही साखर हुबेहूब तुझ्या सासूसारखी वाटली. माहेरी आली की सगळ्यांना धरून बसवते, आणि थळला म्हणे कोणाला बूड टेकू देत नाही.) पण वरून पाणीच आलं नाही, तर ते बिचारं प्रथिन एकटं किती आवरणार? आणि हे प्रथिन दुकानात कुठं मिळतं, असं मी विचारलं तेव्हा प्रणालीनं नुसते हात जोडले. शरीर ते आपलं आपण, आपल्या चालीनं करतं म्हणे.

खडा पडला. येसूबाईनं तो डबीत ठेवलाय आणि येईल त्याला दाखवते. रंगानं तपकिरी आहे, पण इतका पक्का दाणा आपल्या आगरात कधी आला नाही, हे कबूल करायला हवं. हाडाच्या फोटोत आता फटीपाशी काहीतरी धुरकट दिसतंय, तीच सुरुवात म्हणाले डॉक्टर. पण प्लास्टर देवदिवाळीनंतरही राहणार. प्लास्टिकची पिशवी बांधून नुसता एकच पाय चिखलात टेकवला तर चालेल का, असं मी विचारलं. त्यांनी येसूबाईला आत बोलावून समज दिली.

असो. आता सावलीत बसतो आणि तांब्यामागून तांबे पाणी पितो. बाकी घरी सगळी खुशाली. पुन्हा सांगतो, तू येऊ नकोस.

तुझा,
काळूराम

ता. क. तू ये. पाणी पिता पिता सुचलं. दिपेशनं "थोरल्या मानसाचा पाय" म्हटलंय. मी बचत गटातल्या बायांसमोर त्याला पुन्हा म्हणायला लावलं, त्यानं छातीठोकपणे म्हटलं. मुलगा पाहिजे असं तो बोलला नाही, आबाही कधी बोलले नव्हते. आबांची थोरली तू. तू सासरी गेलीस म्हणून मी पाय टाकत आलो, मला कोणी विचारलं नाही. वाफ्यात नुसता एक पाय टेकव, लगेच खुर्ची देतो, तुडवायला बाया आहेत. रेवसहून करंज्याची लाँच धर, प्राप्तीला सोबत आण. धक्क्यावर घ्यायला दिपेशच येईल. आत्या आजाऱ्याला बघायला येणार म्हणून तो खूश आहे. त्याला अजून काही कळलेलं नाही.

आणखी ता. क. पहिल्याच लाँचनं ये आणि निघताना चूळ भरू नकोस. प्लास्टर जाड आहे, आतपर्यंत काही जात नाही, हे प्रणालीनं मला तीनतीनदा सांगितलंय आणि मला ते पटलंय. तरी लाव.