पेटीच्या आतलं

सोमवार, ३ जून

"सूनबाई पॉलिशचं बघते. हात चांगला आहे तिचा." — अप्पा, जजसाहेबांना. माझ्यासमोर! मी चहाचा ट्रे धरून उभी.

जजसाहेब निवृत्त झालेत, नवीन घर बांधलंय, त्यात गाणं ऐकायची वेगळी खोली आहे. तिच्यासाठी त्यांना आमचे — चुकले, अप्पांचे — स्पीकर हवेत. "अप्पा, दुकानांतून पुष्कळ ऐकले. पण तुमच्यासारखा कान नाही कुणाकडे." अप्पांनी नम्रपणे मान खाली घातली. सासऱ्यांना नम्र व्हायला गिऱ्हाईक लागतं.

मग साहेब माझ्याकडे वळले. काहीतरी बोलायला हवं म्हणून. "तुम्हीही ऐकता का कधी?"

ऐकते. अधूनमधून. पॉलिश वाळेपर्यंत.

बुधवार, ५ जून

इथे तरी खरं लिहू. अप्पांना वरचे स्वर ऐकू येत नाहीत. वयानं जातात तसे गेले. झांजेची किणकिण, गाणारीच्या 'स'ची धार, व्हायोलिनच्या तारेवरची चमक — सगळं गेलं. बोललेलं कळतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

स्पीकरच्या प्रत्येक जोडीच्या वेळी तेच. पेट्या समोर मांडायच्या, अप्पा खुर्चीत बसणार, डोळे मिटणार. "मिणमिणतेय. ट्वीटर वाढव." ट्वीटर म्हणजे वरचे स्वर काढणारा तो लहानसा घुमट. त्याच्या वाटेत एक रेझिस्टर बसवलेला असतो. तो कमी मापाचा घातला की ट्वीटर जोरात बोलतो. मी कमी मापाचा घालते. "अजून." अजून कमी. "हां! आता उघडली!" आणि माझ्या कानात सुया.

दुपारी ते आडवे झाले की मी मागची फळी काढते. माझ्या मापाचा रेझिस्टर घालते, माइक लावून मोजते, फळी परत बसवते. बरीच वर्षं हेच चाललंय. त्यांना पत्ता नाही. संध्याकाळी पुन्हा ऐकतात आणि म्हणतात, "बघ, कशी उघडलीय!"

शिकवलं मात्र त्यांनीच. लग्न होऊन आले तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री होती आणि घरात कुणाला तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. एकटे अप्पा म्हणाले, "ये इकडे." रिकाम्या पेटीवर टिचकी मारायला लावली. "काय म्हणतेय?" ठक म्हणतेय. "नीट ऐक." ...ठण् म्हणतेय. "हां! आत आडवी पट्टी कमी पडलीय." इतका आनंद झाला होता त्यांना! माझं ऐकणं कुणी एवढं मनापासून ऐकलं नव्हतं. नंतरही नाही.

म्हणूनच जास्त लागतं.

शनिवार, ८ जून

सुतार जजसाहेबांच्या पेट्या देऊन गेला. सुरेख. दोन्ही पेट्यांवर अक्रोडाची रेघ आरशात बघावी तशी समोरासमोर. टिचकी मारली. ठक.

मंगळवार, ११ जून

मासिक आलं. मागे त्यांचा एक समीक्षक येऊन गेला होता, याच मॉडेलची आधीची जोडी ऐकून. दोन पानं लिहिलीत. नवऱ्यानं जेवताना मोठ्यानं वाचलं — "वरचे स्वर कुठेही बोचत नाहीत. मऊ, आणि तरी स्वच्छ. मुरलेल्या कानाची ही सही आहे."

अप्पा म्हणाले, "परत वाच."

परत वाचलं.

"ऐकलंस? आणि ही मला म्हणते, वरचं जास्त होतंय!"

मी पाणी प्यायले. आयुष्यात माझं एक काम छापून आलंय, आणि त्याखाली फोटो त्यांचा.

बुधवार, १२ जून

नवऱ्याला सगळं माहीत आहे. मीच सांगितलंय कधीपासून. त्याला आवाज म्हणजे फक्त कमी आणि जास्त. म्हणतो, "तू कशाला चिडतेस? नाव घरातच राहतंय ना?"

घरातच. माळ्यावर टाकलेल्या सामानासारखं.

शुक्रवार, १४ जून

बोलले एकदाची. स्वयंपाकघरात, दोघंच असताना, हळू. "अप्पा, एकदा कान तपासून घ्यायचे का? या वयात सगळेच घेतात."

कप असा आपटला की बशी फुटली. "माझे कान? माझे? ज्या कानांनी तुला ऐकायला शिकवलं ते? डिग्री घेऊन आलीस तेव्हा ठक आणि ठण् कळत नव्हतं तुला!"

नवरा धावत आला. "अप्पा, तिला तसं म्हणायचं नव्हतं."

मला अगदी तसंच म्हणायचं होतं.

शनिवार, १५ जून

आज सुतारादेखत. सुतार पाय बसवायला आला होता. अप्पा त्याच्याकडे बघून मला म्हणाले, "यापुढे पेटीच्या आतलं मी बघीन. तू बाहेरचं बघ."

सुतार बिचारा टेप उघडून काहीतरी मोजायला लागला. मोजण्यासारखं काही नव्हतं.

अंगाची नुसती लाही झाली. पण म्हटलं, ठीक. बघा आतलं. होऊन जाऊ दे एकदा.

मंगळवार, १८ जून

आज जोडी लावली. आतलं ते बघणार, पण सोल्डरिंग मीच करायचं, कारण त्यांचे हात कापतात. "वाढव." वाढवलं. "अजून." अजून. शेवटी "हां!" आलं. त्या "हां"च्या वेळी गाणारीचा प्रत्येक 'स' माझ्या दातांवरून जात होता.

मोजलं. आलेखाचं टोक वर वळलेलं, विंचवाच्या नांगीसारखं.

दुपारी अप्पा झोपले. मीही झोपले.

गुरुवार, २० जून

बहिणीकडे निघालेय. परवा टेम्पो येईल, पेट्या जातील. जाताना बघायच्या नाहीत मला.

जजसाहेबांनी माझं काय वाकडं केलंय? काही नाही. नवी खोली, नवे स्पीकर, कौतुकानं चार माणसं बोलावतील, आणि अर्ध्या तासात सगळ्यांची डोकी दुखायला लागतील. आधी वाटेल खोलीचा दोष. मग कुणीतरी म्हणेल, अप्पांचं आता वय झालं. मग सगळेच म्हणतील.

हे लिहिताना बरं वाटतंय. लाज वाटायला हवी. वाटतेयसुद्धा. पण फळी उघडायला उठले नाही.

रविवार, ३० जून

जजसाहेबांकडे ऐकायला बोलावलं होतं सगळ्यांना. अप्पांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. गाडीत नवऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा. मी मागे बसून खिडकीबाहेर बघत. आज यांचं नाक कापलं जाणार, आणि सुरी मी दिलीय.

खोली मोठी. जाड सतरंजी, एका भिंतीला पुस्तकं, आठदहा माणसं. साहेबांनी रेकॉर्ड लावली. बाईचा आवाज, एकटाच, मागे साथ नाही. मी दात आवळून बसले.

सुई टोचलीच नाही.

'स' आला आणि गेला, कापडावरून बोट फिरवावं तसा. बाईनं श्वास घेतलेला ऐकू आला. ओठ उघडलेले ऐकू आले. समोरच्या एका बाईंनी डोळे पुसले. मी वेड्यासारखी त्या पेट्यांकडे बघत बसले.

"अप्पा! काय कान आहे तुमचा!" जजसाहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. नाहीतर दिसलं असतं.

सोमवार, १ जुलै

काल काय झालं? सतरंजीनं वरचे स्वर एवढे खाल्ले? पुस्तकांनी? नाही. सतरंजी खाऊन खाऊन किती खाणार?

मग माझेच कान बिघडलेत का? माइकही खोटा? इतकी वर्षं मी उगाच फळ्या उघडत होते, आणि म्हातारा बरोबर होता? आधीच्या सगळ्या जोड्या मी बिघडवून पाठवल्या की काय!

भाजी करपली. नवरा म्हणाला, "लक्ष कुठाय?"

गुरुवार, ४ जुलै

जजसाहेबांचा फोन. एका पेटीची मागची वायरची पिन हलतेय. "एवढ्यासाठी अप्पांना कशाला त्रास? सूनबाईंना पाठवा." गेले स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. साहेब दार उघडून फोनवर बोलत आत निघून गेले.

पिनेचा नट आतून आवळावा लागतो. फळी काढली.

रेझिस्टर माझ्या मापाचा.

मी घातलेला नव्हे. मी त्यांच्या हुकमाचाच घालून गेले होते. हा दुसरा. आणि सोल्डरिंग! कथिलाचे ओघळ, एका बाजूला गोळा, शेजारची वायर भाजलेली. कापऱ्या हाताचं काम. दुसरी पेटी उघडली. तीच तऱ्हा. कितीदा सुटला असेल हातातून, कितीदा बोट पोळलं असेल! मी बहिणीकडे होते, तेव्हा अप्पांनी एकट्यानं बसून केलंय.

माप बरोबर माझंच. आधीच्या जोड्यांत मी जे घालायचे तेच. म्हणजे बघितलेलं होतं. म्हणजे माहीत होतं.

साहेबांच्या जमिनीवर बसून रडले. ऐकू येत नाही हे रोज स्वतःशी कबूल करायचं, आणि दुसऱ्याच्या कानावर एवढा भरवसा ठेवायचा, तोंडानं एक अक्षर न बोलता. आणि मी ह्या माणसाची फजिती बघायला चांगली साडी नेसून गेले होते!

उद्या बोलेन. पाया पडावं लागलं तरी चालेल.

शुक्रवार, ५ जुलै

सकाळी वर्कशॉपमध्ये गेले. अप्पा नव्या पेटीची कड घासत होते. म्हटलं, "साहेबांच्या पेटीतला रेझिस्टर तुम्ही बदललात."

"हो."

"मी दर वेळी बदलत होते, ते माहीत होतं तुम्हाला?"

"पहिल्यापासून. तू फळी बसवलीस की मी उघडून बघायचो."

"मग इतक्या वर्षांत कुणाला एकदाही सांगितलं का नाहीत, अप्पा?"

पॉलिशपेपर थांबला नाही. रागावलेही नाहीत. उलट मला एवढंही कळू नये याचं नवल वाटल्यासारखे बोलले.

"सांगितलं असतं तर लोक तुझ्याकडे आले असते."