तारेपुढची बारा पावले

मी, थर्झा ब्रॅग, लेस-कारखान्यातील यंत्रकारागीर कै. एमॉस ब्रॅग यांची विधवा, वय एकोणसत्तर, राहणार हॅलोफर्ड, परगणा सॉमरसेट, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. एमॉसची हत्यारे कोणत्याही होतकरू कारागिराला द्यावीत. कारखान्याच्या मालकाला एक खिळाही देऊ नये. "चहाची किटली उडवतोस काय रे, एमॉस?" असे तो सगळ्यांदेखत म्हणाला होता.

२. एमॉसने बनवलेले, वाफेवर उडणारे छोटे यंत्र. पंख रेशमाचे, शिवण माझी. उघड्यावर दवाने रेशीम भिजून लोंबायचे, म्हणून ते कारखान्याच्या लांब दालनात उडवले. दालन रिकामे मिळे ते फक्त रविवारी. होय, देवाच्या दिवशी, काम वर्ज्य असताना, आम्ही बंब पेटवला. त्यासाठी प्रार्थनाघराच्या मंडळीने आम्हाला बाहेर काढले. मला पश्चात्ताप नाही. यंत्र वेग घेण्यासाठी ताणलेल्या उतरत्या तारेवरून सुटले, तार संपली, आणि पुढे बारा पावले ते स्वतःच्या बळावर वर चढत गेले. मग भिंतीवर आपटले. गाव अजून म्हणते, उडाले नाही, तारेवरून घसरले.

माझ्या अंत्ययात्रेत हे यंत्र शवपेटीवर ठेवावे आणि प्रार्थनाघरावरूनच न्यावे. नंतर वाचनालयात टांगावे.

३. राहते घर धाकटा भाऊ सायलस टकर यास. त्या रविवारी बंबाखालचा दिवा त्यानेच धरला होता. मंडळीपुढे मात्र म्हणाला, "मी तिथं नव्हतोच." आज तो मंडळीचा वडीलधारा आहे, भाड्याच्या खोलीत राहतो आणि आत्ता माझ्यासमोर बसला आहे.

वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून मी त्याला म्हटले, "घर हवं असेल तर बाहेर जाऊन बस, दुसरा कोणी सही करील. नाहीतर हे सगळं वाच आणि साक्षीदार हो."

"ताई, मंडळीत माझं काय होईल?"

"आमचं झालं तेच."

त्याने सही केल्यास घर शेजारीण केझाया डाइट हिला जावे. न केल्यास त्यालाच मिळावे, आणि त्या घरात त्याला झोप लागो.

हॅलोफर्ड, ता. ९ मार्च १८७९

(सही) थर्झा ब्रॅग

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:

१. एडविन पर्किस, वकिलांचा कारकून

२. सायलस टकर. दिवा मीच धरला होता. ताईची मोजणी चुकली आहे. बारा नाही, चौदा पावलं.