रणगाड्यांची आठ तिकिटं

आबा,

परवा लोणावळ्यातल्या एका शाळेत, तुमच्या माघारी, तुमच्या टपाल तिकिटांचं प्रदर्शन भरलं आणि उद्घाटनाचं भाषण मी केलं. विषय युद्धविरोध, भोवती तुमचे रणगाडे. गेली तीस वर्षं प्रत्येक व्यासपीठावर सांगते तीच गोष्ट तिथंही सांगितली: नववीत मी मंत्र्यांना शांततेची पत्रं लिहिली आणि वडिलांनी त्यांवर लावायला आपल्या संग्रहातली तिकिटं स्वतःच्या हातानं काढून दिली. टाळ्या हमखास तिथंच पडतात. तुम्ही काही दिलं नव्हतं, हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे, असं मी धरून चालले होते.

बेडशाच्या आपल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तुमचं टपाल कार्यालय, मागच्या खोलीत चूल. रविवारी तुम्ही आईच्या परातीत पाकिटांचे कापलेले कोपरे भिजत घालता; गोंद सुटला की तोफा, लढाऊ विमानं, युद्धनौका अलगद वर येतात. आई चुलीपासून ओरडते, "अवो, रनगाडं धुवायला माजीच परात घावती व्हय? भाकरी काय पानबुडीत थापू?" मी तेव्हाही पेटलेलीच. म्हणाले, "बुद्धाच्या तसबिरीखाली तोफा वाळवताय! सरकार युद्धाला गोंद लावून घरोघर पाठवतं, आणि तुम्ही ते जपून ठेवता?" चिमटा न हलवता तुम्ही म्हणालात, "ह्यातली एकबी तोफ अजून उडाली न्हाई. तुजं त्वांड मातर रोज उडतंय." माझं मत आजही तसूभर बदललेलं नाही, आबा. विजयाची आठवण छापायचीच तर लढाईवरून घरी परतलेली माणसं छापा.

त्याच आठवड्यात मी तुमच्या वहीतला आठ कोऱ्या तिकिटांचा जोडलेला पट्टा काढला. विजयाच्या वर्धापनदिनाचा, प्रत्येकावर रणगाडा. आठ पत्रं, आठ तिकिटं, सगळी दारातल्या लाल पेटीत. दुपारी तुम्ही पेटी उघडता आणि मी खिडकीआडून बघते. पाकिटं बघून तुमचा हात थांबतो. टपालाची थैली न्यायला आलेले डाकवाले भाऊ वाकून बघतात. "आबा, ही तर तुमचीच! काडून घ्या, दुसरी लावा. कुनाला कळतंय?"

"पेटीत पडलं की ते आपलं न्हाई, भाऊ. ज्याच्या नावाचं, त्याचं."

बाकीच्या टपालावर तुम्ही ठसा दणादण मारलात. त्या आठांवर मात्र अगदी कोपऱ्यात, हलक्या हातानं, रणगाड्याला शाई लागू न देता. मंत्र्याच्या कचेरीत कुणी तिकिटं जमवणारा असला तर त्याला ती स्वच्छ मिळावीत म्हणून! संध्याकाळी मी मार खायच्या तयारीनं जेवायला बसले. तुम्ही फक्त म्हणालात, "येका पत्रावर पिनकोड न्हाई. देश सुधारायला निगालीस, आदी पत्ता तरी पुरा लिव." तिकिटांबद्दल एक शब्द नाही. त्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही.

परवा तेच भाऊ पहिल्या रांगेत बसले होते. काठी टेकत आले आणि म्हणाले, "लय ग्वाड बोलतीस, पोरी. पन आबानी दिली म्हनं? मी तितंच व्हतो की!" मी भाषणाचा कागद घाईनं पर्समध्ये कोंबला. त्यावर ते हसून हसून खोकले. "घाबरू नगं. आबा दुसऱ्या दिशी साऱ्या गावाला सांगत फिरलं, माज्या लेकीनं रनगाडं कामाला लावलं. मग तू का लपवतीस?"



पुढच्या रविवारी शिरगावला भाषण आहे. भाऊ म्हणाले, ऐकायला येणार. हे पत्र काही मी कुठं टाकणार नाही, पण भाषणाचा कागद समोर आहे. 'दिली' खोडून 'घेतली' लिहिलंय. 'चोरली' लिहायला अजून हात धजत नाही, आबा.